मुश्की घोड्याची ढाल: प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

ठरलं एकदाचं. जुलैत शाळेच्या वाचनालयातली एक भिंत आमच्या जर्मनच्या वर्गाला मिळणार आहे. गेल्या वर्षी पुठ्ठ्याचं ब्रांडेनबुर्ग गेट केलं होतं. ते तिसऱ्या दिवशी पावसाच्या ओलीने वाकलं आणि मुलं त्याला अजून ‘पिसाचं गेट’ म्हणतात. यंदा लाकूड. एक मोठी ढाल, तीन लहान. विषय: शहराच्या नावावरून काढलेली नगरचिन्हं.

मोठी ढाल श्टुटगार्टची. (वर्तमानपत्रं स्टुटगार्ट छापतात. वर्गात मी श ऐकू आल्याशिवाय पुढे जात नाही, तेव्हा इथेही श.) कारण साधं आहे. श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८पासून भगिनी शहरं आहेत. आमची मुलं डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरची, तेव्हा ‘मुंबई आपली का?’ यावर दहा मिनिटं वाद झाला. रोज ज्यांचे आईबाबा लोकलला लटकून तिकडे जातात त्यांची मुंबई, असा निकाल लागला.

जर्मनीत नगरपालिकेच्या चिन्हाला वापन म्हणतात. हा शब्द आणि शस्त्र या अर्थाचा ‘वाफं’ हे मुळात एकच. उत्तरेकडच्या बोलीतलं रूप ढालीवरच्या चित्राला चिकटलं, दक्षिणेकडचं हत्याराला. सहावीतल्या मुलीने लगेच विचारलं, ‘मग टीचर, ढाल हे कुठे शस्त्र आहे?’ उत्तर पुढच्या रविवारी देते म्हटलं. तिने वहीत लिहून घेतलं, म्हणजे विसरणार नाही ती.

११ जून, बुधवार

सुतारकाकांकडे जाऊन आले. एमडीएफ नको म्हणाले. पावसाळ्यात कडा फुगतात. बारा एमएमचं प्लाय घ्या, कडेला लांबी (पुट्टी) भरून देतो. मोठी ढाल तीन फूट उंच, लहान तिन्ही दीड फुटाच्या. आकार खाली गोलसर टोक असलेला. काकांना कागदावर काढून दाखवला तर म्हणाले, ‘हे तर हायवेच्या किलोमीटरच्या पाटीसारखं.’ खरंच आहे. रस्त्याच्या क्रमांकाची पाटीही ढालीच्याच आकाराची असते. इतकी वर्षं बघतेय, कधी डोक्यात आलं नव्हतं.

१५ जून, रविवार

आज फक्त बोलणं. कापाकापी नाही.

फळ्यावर एक ओळ लिहिली: ‘इन गोल्ड आइन श्टायगेंडर रापं.’ श्टुटगार्टचं अख्खं नगरचिन्ह एवढंच आहे. चित्र नाही, वाक्य. वाक्य कायम राहतं, चित्र प्रत्येक चितारी आपल्या हाताने काढतो. घोड्याची मान जाड की बारीक, शेपूट किती झुपकेदार, हे वाक्य सांगत नाही. शहर मात्र स्वतःच्या वापरासाठी एक रेखाटन ठरवून ठेवतं. तरीही ओळ वाचून कुणाही जाणत्याला ढाल काढता यायला हवी, असा ढालीवरची चिन्हं रचण्याच्या शास्त्राचा (इंग्रजीत हेराल्ड्री) नियम.

मग भाषांतर. ‘इन गोल्ड’ म्हणजे सोनेरी पृष्ठभागावर. ‘श्टायगेंड’ म्हणजे चढणारा, मागल्या पायांवर उठलेला. ‘रापं’वर मुलं अडली. शब्दकोशात ‘काळा घोडा’ मिळालं. एका शब्दाला दोन शब्द. मी म्हटलं, मराठीत आहे की एक शब्द. कुणालाच येईना. मुश्की! कस्तुरीच्या रंगाचा तो मुश्की. जर्मनीत घोड्याच्या प्रत्येक रंगाला स्वतंत्र नाव आहे: पांढरा तो शिमल, तांबूस तो फुक्स, काळा तो रापं. आपल्याकडेही मुश्की, कुमैत, अबलख, पंचकल्याणी होतेच. घोडे गेले, शब्द दप्तरात राहिले. फळ्यावरचं अंतिम भाषांतर: ‘सोन्यावर, मागल्या पायांवर उठलेला मुश्की.’ माझ्या मते मूळ ओळीहून वजनदार.

आता नाव. शहराची परंपरा सांगते की इसवी सन ९५०च्या सुमाराला सम्राट ओटो पहिला याचा मुलगा, श्वाबियाचा ड्यूक लिउडोल्फ, याने नेझेनबाख ओढ्याच्या खोऱ्यात घोड्यांची पैदास करायला जागा राखली. तिचं नाव ‘श्टुओटगार्टेन’. ११६०च्या सुमाराच्या कागदात ‘श्टुओकार्टेन’ असा उल्लेख सापडतो. गार्टेन म्हणजे आज बाग, पण मूळ अर्थ कुंपण घातलेलं आवार. आणि श्टुटं म्हणजे आजच्या जर्मनमध्ये घोडी. म्हणून सगळे सांगतात: घोड्यांची नव्हे, घोडींची बाग.

इथे मी थांबवलं. जुन्या जर्मनमध्ये ‘श्टुओट’ म्हणजे एक घोडी नव्हेच. तो समूहवाचक शब्द आहे. पैदाशीसाठी ठेवलेल्या घोड्यांचा अख्खा कळप. इंग्रजीतला ‘स्टड’ त्याचाच भाऊ. पुढे शब्द आक्रसला आणि कळपातल्या एका घोडीवर येऊन बसला. तेव्हा गाव घोडीचं नाही, पागेचं आहे. पागा म्हणजे लष्करी तबेला, पैदाशीचं कुरण नव्हे, हे मला कळतं, पण मुलांच्या कानाला एवढं जवळ जाणारं दुसरं काही सापडलं नाही. भीमथडीची, म्हणजे भीमेकाठची, तट्टं कुठे वाढत होती ते गाव असतं तर ते आमचं श्टुटगार्ट, एवढं सांगितलं. भीमथडी म्हणजे जत्रा, असं उत्तर आलं. चालायचंच.

सहावीतलीला तिचं उत्तर दिलं: लढाईत चेहरा शिरस्त्राणात झाकलेला, मग कोण आपला कोण परका हे ढालीवरून ओळखायचं. म्हणून हत्याराचं नाव चित्राला लागलं. तिला पटलेलं दिसलं नाही.

१८ जून, बुधवार

प्लाय आलं. कापून, कडांना लांबी भरून. काकांनी मागच्या बाजूला दोन दोन हुकही मारून दिलेत, न सांगता.

२२ जून, रविवार

रेखाटनं. प्रत्येकाने घोडा काढून आणायचा होता.

अकरापैकी सात घोड्यांवर खोगीर. दोघांनी तर सरळ शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचा फोटो समोर ठेवून काढलाय आणि स्वाराच्या जागी खोडरबर फिरवलंय. लगाम हवेत लोंबतोय. मला हसू आवरेना, पण चूक समजण्यासारखी आहे. दोन पाय उचललेला घोडा आपण पाहतो तो चौकात, आणि त्याच्यावर कुणीतरी असतंच. श्टुटगार्टच्या ढालीवरचा घोडा मोकळा आहे. खोगीर नाही, लगाम नाही, रिकीब नाही, स्वार नाही. पैदाशीच्या कुरणातला घोडा जसा असेल तसा.

मग तो नेहमीचा प्रश्न: पुतळ्याच्या घोड्याचे दोन पाय वर असले की स्वार लढाईत गेला असं असतं ना? मोबाईलवर फिरणारी गोष्ट आहे ती, तिला नियम समजू नका. ढालींवर तर लागूच नाही.

आठवीतल्या एकाने विचारलं, ‘घोडींचं गाव म्हणता, मग रापं पुल्लिंगी कसा?’ व्याकरणाचा प्रश्न म्हणून पाठ थोपटली. रापं हे लिंग नाही, रंग सांगतं. काळी घोडी असली तरी ती रापंच, फार तर ‘रापश्टुटं’. ढालीवरच्या घोड्याकडे बघून काही ठरवता येत नाही आणि मला ते आवडतं. ‘डेर’ हे पुल्लिंगी आर्टिकल लागलं की मुलं लगेच मिशा काढतात.

त्यानंतर जुनी मुद्रा दाखवली. श्टुटगार्ट शहराची माहीत असलेली सर्वांत जुनी मुद्रा १३१२ची. तिच्यावर एक घोडा नाहीच. दोन आहेत. खाली निमुळत्या होत जाणाऱ्या तिकोनी ढालीत, एक मोठा, एक लहान, दोघंही शांतपणे चालताहेत. उधळणं नाही, झेप नाही. मला ती जोडी घोडी आणि शिंगरू वाटते. पण वाटतं ते बाजूला ठेवलं तरी दोन घोडे म्हणजे कळपाची सुरुवात झाली की! मुद्रा कोरणाऱ्याच्या कानात ‘श्टुओट’चा जुना अर्थ अजून जिवंत असावा, असं मला राहून राहून वाटतं.

१४३३च्या मुद्रेत एकच घोडा उरतो आणि तो चौखूर धावतो. पुढे हळूहळू धावणारा घोडा पुढचे पाय उचलून उभा राहिला. रंगही बदलत राहिले. पिवळ्यावर काळा हे पक्कं झालं ते १९३८मध्ये. म्हणजे सव्वासहाशे वर्षांत चालणारी जोडी, मग धावणारा एकटा, मग उठलेला एकटा. शब्द जसा कळपावरून एका घोडीवर आला, तसंच चित्रही दोनावरून एकावर आलं. एकामुळे दुसरं घडलं असं मी म्हणत नाही. शेजारी शेजारी ठेवून पाहा, एवढंच.

मोठ्या ढालीवर आजचा घोडा आणि खाली तळव्याएवढ्या गोलात १३१२ची जोडी काढायची, असं सर्वानुमते ठरलं. सर्वानुमते म्हणजे मी ठरवलं.

२५ जून, बुधवार

सोनेरी रंगाचा डबा घेऊन आलेल्या पालकांना परत पाठवलं. वाईट वाटलं, महागाचा होता. पण चकचकीत सोनेरीवर उजेड पडला की घोडा दिसतच नाही. आणि त्याची गरजही नाही. या शास्त्रात सोनं आणि पिवळा एकच, चांदी आणि पांढरा एकच. पिवळा फासला की ते सोनंच.

नियम असा: सोनं आणि चांदी हे धातू. लाल, निळा, काळा, हिरवा हे रंग. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. धातूवर रंग किंवा रंगावर धातू. धूळ उडत असताना, शंभर पावलांवरून ओळखू यावं म्हणून. मी हे फार गंभीरपणे समजावत होते तर मागच्या बाकावरून आलं, ‘टीचर, काळी-पिवळी!’ वर्ग फुटला. मुंबईची टॅक्सी. काळी-पिवळी लांबूनही ओळखू येते, आणि आमची ढालही तशीच येईल. त्या दिवसापासून आमच्या घोड्याचं नाव टॅक्सी.

श्टुटगार्टचे लोक त्याला रोसलं म्हणतात. ‘लं’ हा श्वाबियन बोलीतला लाडाचा प्रत्यय. घोडुलं म्हणा हवं तर.

२९ जून, रविवार

सर्वांत मोठी चूक आज झाली, आणि ती माझी.

ट्रेसिंग पेपरवर घोडा छान उतरला होता. कार्बन पेपर कमी पडला म्हणून मी ट्रेसिंग उलटं केलं, मागून शिसपेन्सिल घासली आणि तेच उलटं प्लायवर ठेवून गिरवलं. घोडा उतरला. सुंदर उतरला. तोंड उजवीकडे. अर्धी आयाळ काळ्या एनॅमलने भरून झाल्यावर वर्गातल्या एका छोटीने फोन समोर धरला: ‘त्यांचा इकडे बघतोय, आपला तिकडे.’

श्टुटगार्टच्या घोड्याचं तोंड आपल्या डावीकडे आहे. पण या शास्त्रात ती उजवी बाजू! कारण बाजू मोजायच्या त्या ढाल धरणाऱ्याच्या, बघणाऱ्याच्या नव्हेत. वेगळं काही सांगितलेलं नसेल तर प्राणी धरणाऱ्याच्या उजवीकडे तोंड करून असतो. हे समजावताना मुलांच्या डोळ्यांत धुकं दिसायला लागलं. मग गल्लीच्या टोकाची गणपतीची शेड आठवली. उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कुणाच्या उजव्या? बाप्पाच्या. आपल्याला डावीकडे दिसतो. एका क्षणात सगळ्यांना कळलं. शेडमध्ये मूर्ती रंगवणाऱ्या दादांनी तर खिडकीतून ढाल बघून विचारलंही, ‘ताई, डाव्या सोंडेचा घोडा केलात की काय?’

काळा घासून काढायला दीड तास गेला. ऐंशी नंबरचा काचपेपर, मग एकशेवीसचा, मग पुन्हा प्रायमर. हवेत इतकी ओल आहे की प्रायमर संध्याकाळपर्यंत बोटाला लागत होता.

२ जुलै, बुधवार

लहान ढाली. वेळ कमी, म्हणून तीन गट.

म्युनिक सोपं: नावच ‘भिक्षूंपाशी’ अशा अर्थाचं. १४ जून ११५८च्या दस्तऐवजात पहिल्यांदा येतं. ढालीवर काळ्या झग्यातला भिक्षू, हातात लाल पुस्तक, पायात लाल जोडे. शतकानुशतकं काढता काढता त्या भिक्षूचं पोर झालं. म्युनिककर त्याला ‘किंडल’, म्हणजे बाळच म्हणतात. आमच्या गटाने काढलेला भिक्षू तर थेट भीमाशंकरच्या साधूसारखा दिसतोय, पण नाव आणि चित्र जुळतं, हिशेब चोख.

बर्लिनची गंमत वेगळी. ढालीवर अस्वल, जर्मनमध्ये अस्वल म्हणजे ‘बेर’, म्हणून बर्लिन म्हणजे अस्वलांचं गाव. ऐकायला गोड, पण चुकीचं. नाव जर्मन नाहीच. त्या भागात आधी राहणाऱ्या स्लाव्ह लोकांच्या भाषेतलं आहे, दलदल या अर्थाच्या शब्दावरून आलेलं. पुढे जर्मन बोलणाऱ्यांना नावात अस्वल ऐकू आलं. १२८०च्या मुद्रेवर गरुडाच्या दोन बाजूंना दोन अस्वलं उभी आहेत. चुकीची व्युत्पत्ती साडेसातशे वर्षं टिकली आणि आता तीच शहराची ओळख. तिला चूक तरी कसं म्हणायचं?

कानश्टाट तिसरं. नेकार नदीकाठचं, १९०५मध्ये श्टुटगार्टमध्ये विलीन झालेलं जुनं शहर. चिन्हावर ‘कानं’, म्हणजे दांडीचा कुंभ. नावात कानं ऐकू येतं म्हणून कुंभ, एवढाच मामला. नावाचा खरा अर्थ काय यावर अभ्यासकांत एकमत नाही. कुंभ मात्र निवांत बसलाय.

अशा चिन्हांना जर्मनमध्ये ‘बोलतं वापन’ म्हणतात. चित्राकडे बघा, नाव तोंडून आपोआप येतं. ज्या काळात चार माणसांत एकालाही वाचता येत नसे त्या काळात हे फार उपयोगाचं असणार.

गृहपाठ दिला: आपल्या ओळखीच्या गावाची बोलती ढाल काढा. मोरगाव, पिंपळगाव काढायचं नाही, ती फुकटात मिळतात.

६ जुलै, रविवार

आषाढी. वर्ग नाही. घरी बसून हँडआउट केलं. झेरॉक्स काळी-पांढरी, मग रंग कसे दाखवणार? यावर सतराव्या शतकातच उपाय निघालाय. पेत्रा सांक्ता नावाच्या जेझुइट पाद्र्याच्या १६३८च्या ग्रंथामुळे रूढ झालेली रेघांची पद्धत: सोनं म्हणजे ठिपके, चांदी म्हणजे कोरं, लाल म्हणजे उभ्या रेघा, निळा म्हणजे आडव्या, काळा म्हणजे उभ्या-आडव्यांची जाळी. तेव्हाच्या छापखान्याची अडचण आणि माझ्या झेरॉक्सवाल्याची अडचण एकच. घोड्याच्या भोवती तांदळाएवढे ठिपके काढत बसले, साबुदाणा भिजत होता तोवर.

९ जुलै, बुधवार

गृहपाठ बघितला. हे मला वाटलं होतं त्याहून फारच भारी निघालं.

चिंचपोकळी: लाल ढाल, पोकळ बुंधा, एक चिंच. कुर्ला: निळ्यावर पांढरी कुर्ली, दोन्ही नांग्या वर. (नाव कुर्ल्यांवरून पडलं असं आजी सांगते, अशी खाली टीप.) आणि बदलापूर. बदलापूरहून येणारा मुलगा कमी बोलतो. त्याच्या पानावर पिवळ्या ढालीत दोन काळे घोडे. एक मान खाली घालून उजवीकडे जातोय, दुसरा मान वर करून डावीकडे. ‘आमच्याकडे प्रवासाचे घोडे बदलायचे, म्हणून बदलापूर.’

पुराव्याने सिद्ध झालेलं नाही, पण गाव असंच सांगतं. ‘हे बर्लिनसारखं असू शकतं हं,’ मी म्हटलं. तो म्हणाला, ‘असू दे ना टीचर. अस्वल पण आहेच ना.’

नववीतल्या एकीने दुसराच उद्योग केला होता. तक्त्याच्या मजकुरात तिने वाक्य घातलं होतं: ‘मुंबईत काळा घोडा आणि श्टुटगार्टच्या चिन्हात काळा घोडा, म्हणून ही दोन शहरं भगिनी आहेत.’ माक्स म्युलर भवन, म्हणजे मुंबईतलं जर्मन सांस्कृतिक केंद्र, तेसुद्धा काळा घोडा भागातच आहे, हा तिचा दुसरा पुरावा. खोडलं. काळा घोडा हे नाव पडलं ते सातव्या एडवर्डच्या अश्वारूढ पुतळ्यावरून. तो पुतळा १९६५मध्ये तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत ठेवला, आणि २०१७मध्ये जुन्या परिसरात बिनस्वाराचा नवा घोडा उभा राहिला. श्टुटगार्टशी काही संबंध नाही. तिला फार लागलं. पण असं वाक्य एकदा तक्त्यावर गेलं की पुढच्या वर्षी कुणीतरी ते वाचून सांगणार, त्याच्या पुढच्या वर्षी ते कुणाच्या निबंधात जाणार. खोडताना माझ्या डोळ्यांसमोर १२८०ची ती दोन अस्वलं होती, हेही खरं. बदलापूरला सूट आणि काळ्या घोड्याला नाही, असं ती पुटपुटली. मी ऐकलं नाही असं दाखवलं. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. फरक मला एवढाच सांगता येईल: बदलापूरची गोष्ट गावाने सांगितलेली आहे, ही आम्ही मंगळवारी संध्याकाळी जुळवली.

तिला बदल्यात दुसरं काम दिलं: पोर्शे गाडीच्या चिन्हाचा तक्ता. १९५२पासूनच्या त्या चिन्हाच्या मध्यभागी श्टुटगार्टचाच घोडा आहे, वर शहराचं नावही. बाजूची हरणाची शिंगं आणि पट्टे वुर्टेम्बर्ग राज्याचे. निम्म्या वर्गाला हा घोडा ‘पोर्शेचा’ म्हणूनच माहीत होता. उलटं आहे, गाडीने शहराचा घेतला. फुटबॉलवाल्यांना मात्र धक्का: फाउ-एफ-बे श्टुटगार्टच्या बिल्ल्यावर घोडा नाही, शिंगं आहेत.

१३ जुलै, रविवार

पिवळ्याचा दुसरा हात. घोड्याला शेवटचा हात. मास्किंग टेप काढताना पोटाखाली पिवळा थोडा निघाला, तो बारीक ब्रशने भरला. डोळा कसा करायचा यावर पुन्हा वाद. शेवटी पांढरा एक ठिपका, बस.

टी-शर्टांची सूचना एका पालकांकडून आली: घोडा छापू, विकू, वर्गाला पैसे होतील. नाही म्हटलं. जर्मनीत अधिकृत चिन्हाच्या चित्रावर लेखाधिकार नसतो, ते कुणीही काढावं, शिकावं, दाखवावं. पण चिन्ह हे त्या नगरपालिकेच्या नावासारखं धरलं जातं, आणि दुसऱ्याचं नाव लावून माल विकता येत नाही. त्यासाठी परवानगी काढावी लागते. भिंतीवरच्या ढालीला कुणी हरकत घेणार नाही. दुकान लावलं तर ती गोष्ट वेगळी.

याच ओघात मोठ्या मुलांना सांगितलं की गावं संपली की ढालीही संपतात. १९६८ ते १९७५च्या दरम्यान बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात नगरपालिकांची फेररचना झाली. ३,३७९ होत्या, १,१११ उरल्या. दोन हजारांहून अधिक गावांची चिन्हं कागदोपत्री रद्द. नव्या एकत्रित नगरपालिकांनी नवी करून घेतली, कधी एका गावाचा नांगर आणि दुसऱ्याची गिरणी एका ढालीत बसवून. डोंबिवलीच्या मुलांना हे समजवावं लागलं नाही. सत्तावीस गावांचं कल्याण-डोंबिवली महापालिकेत असणं-नसणं ती जन्मापासून ऐकताहेत.

१६ जुलै, बुधवार

तळातला गोल राहिला होता. १३१२ची जोडी. तळव्याएवढ्या जागेत दोन घोडे, एक मोठा, एक लहान, ब्रश शून्य नंबरचा. तीन जणांनी हात लावून सोडून दिलं. शेवटी बदलापूरवाल्याने केलं, मान खाली घालून, पाऊण तास एक शब्द न बोलता. लहान घोड्याचे पुढचे पाय त्याने किंचित आखूड केलेत. मुद्रेत तसे नाहीत. राहू दिले.

१९ जुलै, शनिवार

ढाली लागल्या. वाचनालयाच्या भिंतीला इतकी ओल की पहिला खिळा मारताच पोपडा आला. सुतारकाकांचे हुक कामी आले, वरच्या रॅकच्या लोखंडी पट्टीवरून तारेने लटकवल्या.

शेवटच्या क्षणी पाचवी ढाल आली. उरलेल्या प्लायच्या तुकड्यावर, कडा न घासलेल्या, दोन काळे घोडे पाठीला पाठ लावून. खाली बॉलपेनने: ‘सोन्यावर दोन मुश्की, एक दमलेला, एक ताजा.’ दमलेला-ताजा असं वर्णन त्या शास्त्रात बसणार नाही, पण वाक्यावरून ढाल काढता येते हे नक्की. श्टुटगार्टच्या उजवीकडे लावली. उजवीकडे म्हणजे घोड्याच्या उजवीकडे, हे मुलांनीच एकमेकांना बजावलं.

ग्रंथपालबाई आल्या, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिल्या. मग तळातल्या गोलाजवळ वाकून म्हणाल्या, ‘हे लहानगं कुणाचं?’

राहिलेलं काम: मोठ्या घोड्याच्या कानावर तार घासून रंग उडालाय. सोमवारी काळा घेऊन जायचं. पाचव्या ढालीचा पिवळा अजून ओला आहे, मुलांना हात लावू देऊ नये.